पूर्ण झालेल्या भाकितांवरून विश्वासाची बाजू कशी मांडावी : टप्प्याटप्प्याने

नाताळ किंवा गुड फ्रायडे जवळ आला की नवापूरपासून भुसावळपर्यंत मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक यादी फिरू लागते : ‘येशूमध्ये पूर्ण झालेली तीनशे भाकिते’. तरुण मुले त्यातली वीस-पंचवीस पाठ करतात, कॉलेजातल्या मित्रापुढे घडाघडा म्हणून दाखवतात आणि मित्राने पहिला प्रश्न विचारला की गप्प होतात. प्रश्न अगदी साधा असतो. अहिराणीत तो असा येतो : ‘‘हाई आधी लिखेल व्हतं का मांगून?’’ यादीत त्याचे उत्तर नसते.

बायबल अभ्यास चालवणारे, तरुण संघात शिकवणारे आणि शेजाऱ्याशी, नातलगाशी आपल्या विश्वासाबद्दल बोलणारे यांच्यासाठी हे लिहीत आहे. भाकितांचा मुद्दा भक्कम आहे असे मी मनापासून मानतो. पण तो उलट्या क्रमाने मांडला की ढासळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की मुळात त्यात काही नव्हतेच. म्हणून क्रम सोडू नका.

टप्पा १ : काय सिद्ध करायचे, ते आधी एका वाक्यात लिहा

वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ : ‘येशूच्या आधी शेकडो वर्षे लिहिलेल्या शास्त्रात त्याच्या दुःखसहनाचे आणि त्यानंतर राष्ट्रांमध्ये जे घडले त्याचे चित्र आहे, म्हणून हे शास्त्र गंभीरपणे घ्यायला कारण आहे.’

एवढेच. ‘म्हणून ख्रिस्ती धर्म गणिताने सिद्ध झाला’ असे लिहू नका. भाकिते माणसाला दारापर्यंत आणतात. आत पाऊल टाकायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे. दावा वाढवला की पुरावा तोकडा पडतो आणि समोरचा नेमके तेवढेच पकडतो.

एक हिशेब फार फिरतो. आठ भाकिते एकाच माणसात योगायोगाने पूर्ण होण्याची शक्यता एकावर सतरा शून्ये एवढ्यांत एक, आणि त्यासाठी टेक्सास राज्यावर दोन फूट जाडीचा चांदीच्या डॉलरांचा थर. हा हिशेब वापरू नका. गुणाकार बरोबर आहे, पण प्रत्येक भाकिताला दिलेली मूळ शक्यता अंदाजाने धरलेली आहे. जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारा मुलगा पाच मिनिटांत विचारेल, ‘‘हा आकडा आणला कुठून?’’

> तपासा : तुमचे वाक्य ख्रिस्ती नसलेल्या मित्राला वाचून दाखवा. ‘‘ठीक आहे, दाखव’’ असे तो म्हणाला तर वाक्य बरोबर आहे. तो आधीच चिडला तर पुन्हा लिहा.

टप्पा २ : साहित्य जमवा

फार काही लागत नाही. समासात संदर्भ दिलेले पवित्र शास्त्र, एक लांब वही आणि एक कालपट्टी. कालपट्टी स्वतः काढा. छापील विकत घेतली तर डोक्यात राहत नाही. तिच्यावर एवढे टप्पे पुरेत : मीखा आणि यशया, इ.स.पू. आठवे शतक. निनवेचा पाडाव, इ.स.पू. ६१२. यरुशलेमाचा पाडाव आणि बंदिवास, इ.स.पू. ५८६. पर्शियाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले, इ.स.पू. ५३९. येशूला वधस्तंभावर दिले, इ.स. ३०च्या आसपास. यरुशलेमचे मंदिर रोमी सैन्याने पाडले, इ.स. ७०.

आता वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर चार रकाने आखा. पहिल्यात ओवी. दुसऱ्यात ‘आधी लिहिलेले होते, हे कशावरून?’ तिसऱ्यात ‘पूर्ण झाले, याचा साक्षीदार कोण?’ चौथ्यात ‘कोणी मुद्दाम घडवून आणू शकला असता का?’ पुढचे सगळे काम या चार रकान्यांचे आहे. चौथा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत, आणि तिथेच अडकतात.

टप्पा ३ : एकच उतारा निवडा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. म्हणून निवडीची चाळणी सांगतो.

*बाजूला ठेवा :* बातम्यांवरून जोडलेली भाकिते. अमुक युद्ध, अमुक नेता, बारकोड, चिप. ती पूर्ण झालेली नाहीत, कोणाची तरी जुळवाजुळव आहे. अनुवाद १८:२१-२२ मध्ये संदेष्ट्याची कसोटी दिली आहे : बोललेले घडले नाही तर ते परमेश्वराचे नव्हे. यिर्मया २८ मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल म्हणून सांगतो आणि लोकांना ते गोड लागते. जू मोडत नाही, आणि त्याच वर्षी हनन्या मरतो. शास्त्र स्वतः इतके कडक आहे, तर आपण मोबाईलवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलताना सैल कसे राहायचे?

*पहिल्या भेटीत नको :* दानीएल ९ मधील सत्तर सप्तके, म्हणजे सात-सात वर्षांच्या हिशेबाने पुढचा काळ सांगणारे भाकीत. हिशेब कोणत्या राजाज्ञेपासून सुरू करायचा यावर ख्रिस्ती अभ्यासकांतच एकमत नाही, आणि पुस्तक मक्काबींच्या काळात, इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहिले गेले असे अनेक विद्वान मानतात. सोर नगराच्या नाशाचे भाकीतही (यहेज्केल २६) तसेच. शिकंदराने इ.स.पू. ३३२ मध्ये जुन्या शहराचा राडारोडा समुद्रात टाकून बेटापर्यंत बांध घातला हे खरे. पण त्या भाकितात ज्याचे नाव आहे त्या बाबेलच्या राजाला, नबुखद्नेस्सराला, सोरच्या मोहिमेत मजुरीही मिळाली नाही असे यहेज्केल २९:१७-२० मध्येच लिहिले आहे. कोरेशाचे नाव यशया ४४:२८ आणि ४५:१ मध्ये येते, पण तो भाग बंदिवासातच लिहिला गेला असे बरेच विद्वान म्हणतात, त्यामुळे चर्चा लेखनकाळावरच अडकते. मंदिराचा एक दगड दुसऱ्यावर राहणार नाही, या मार्क १३:२ चेही तसेच : शुभवर्तमान इ.स. ७०च्या आधीचे की नंतरचे, यावरच वाद सुरू होतो. हे सगळे विषय अभ्यासाचे आहेत. पहिल्या भेटीचे नाहीत.

*एकट्याने पुरेसे नाही :* जखऱ्या ९:९ मधील गाढवावर बसून येणारा राजा. येशूने ते गाढव स्वतः मागवले होते, हे मत्तय २१ मध्येच आहे. विश्वास ठेवणाऱ्यासाठी ती राजाची उघड घोषणा. पण शंका घेणारा म्हणेल, ‘‘वाचले आणि तसे केले.’’ चौथ्या रकान्यात ‘हो’ लिहावे लागते.

*मधले :* मीखा ५:२, बेथलेहेम. जन्माचे गाव कोणी स्वतः निवडत नाही, आणि मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा अभिषिक्त राजा, बेथलेहेमचा असणार ही अपेक्षा लोकांत होती, हे योहान ७:४२ वरून दिसते. पण बेथलेहेममधल्या जन्माची साक्ष फक्त मत्तय आणि लूक देतात, आणि मीखा ५:५ मध्ये अश्शूराचा, म्हणजे मीखाच्या काळातल्या शत्रू साम्राज्याचाही उल्लेख आहे. तो आधी समजून घेतल्याशिवाय हे घेऊ नका.

*पहिली निवड :* यशया ५२:१३ ते ५३:१२, दुःख सोसणाऱ्या सेवकाचा उतारा. पुढचे टप्पे याच उताऱ्यावर.

> सावध : ‘‘अजून दोन-तीन जोडू का?’’ असा मोह होईल. जोडू नका. दहा भाकिते मांडली की समोरचा त्यांतले सर्वांत कच्चे उचलतो, आणि उरलेला तासभर त्यावरच जातो.

टप्पा ४ : ‘आधी’ हे आधी पक्के करा

इथे घाई नको. भाकिताचा अर्थ सांगण्यापूर्वी त्याचा काळ सांगा.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत बेदुईन मेंढपाळांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांपैकी एक यशयाची. चामड्याचे सतरा तुकडे शिवून केलेली, सुमारे सात मीटर लांब, सगळे ६६ अध्याय असलेली. अक्षरवळणावरून ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली ठरते. त्रेपन्नावा अध्याय तिच्यात आहे. मूळ गुंडाळी यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये जपलेली आहे.

याचा अर्थ नेमका किती तेवढाच घ्या. ही प्रत यशयाच्या हातची नाही, आणि यशयाचे पुस्तक कधी पूर्ण झाले हा वाद ती मिटवत नाही. पण आपल्याला त्याची गरजच नाही. अध्याय ४० ते ५५ आठव्या शतकातले म्हणा किंवा सहाव्या शतकातले. येशूच्या जन्माच्या शंभर वर्षे आधी या उताऱ्याची प्रत माणसाच्या हातात होती, यावर वाद नाही. ‘‘ख्रिस्ती लोकांनी मागून घुसडले’’ ही हरकत इथेच संपते.

ही गोष्ट सांगायला तीन मिनिटे लागतात. यादी म्हणणाऱ्यांनी हीच तीन मिनिटे वाचवलेली असतात.

> तपासा : दुसरा रकाना भरला का? ‘बायबलमध्ये लिहिले आहे म्हणून’ असे लिहिले असेल तर खोडा. ज्याला शास्त्र मान्य नाही त्याला ते उत्तर नव्हे.

टप्पा ५ : उतारा पूर्ण वाचा, मग ‘हा कोण?’ विचारा

प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा अधिकारी रथात बसून हाच उतारा वाचत असतो. तो फिलिप्पाला विचारतो, ‘‘संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो? स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?’’ आजही तोच खरा प्रश्न आहे. फिलिप्पाने तिथूनच सुरुवात केली, आणि आपणही समोरच्याला तो प्रश्न विचारू द्यावा.

तयारीत अध्याय ४० ते ५५ दोनदा वाचा, म्हणजे एक गोष्ट आपोआप दिसेल : यशयात ‘माझा सेवक’ अनेकदा इस्राएल राष्ट्रच आहे. ४१:८ पाहा, ४४:१ पाहा. ४९:३ मध्ये तर ‘‘तू माझा सेवक, इस्राएल’’ असे स्पष्टच आहे. म्हणून बरेच यहूदी अभ्यासक ५३ वा अध्यायही राष्ट्राच्या दुःखाबद्दल मानतात. हे लपवू नका. तुम्ही सांगितले नाही तर मोबाईलवर शोधून तो दोन दिवसांत घेऊन येईल, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही शंका घेईल.

सांगून झाल्यावर पुढचे दाखवा. ४९:५-६ मध्ये तोच सेवक याकोबाला देवाकडे परत आणतो. म्हणजे तो राष्ट्रातला आहे आणि राष्ट्रासाठीही आहे. ५३:८ मध्ये तो ‘माझ्या लोकांच्या’ अपराधामुळे मारला जातो आणि ५३:९ मध्ये निर्दोष आहे. यशया मात्र आपल्या राष्ट्राला पहिल्या अध्यायापासून निर्दोष म्हणत नाही. स्वतः निर्दोष, दुसऱ्यांच्या पापासाठी मेलेला, पुरलेला आणि तरीही ५३:१० प्रमाणे आपले दिवस वाढलेले पाहणारा. एवढे वर्णन कोणाला लागू होते, हे समोरच्याला ठरवू द्या. स्वतः ‘येशू’ हे नाव घेण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा तो स्वतःच घेतो.

> सावध : ५३:४-५ वाचून ‘‘म्हणून तुमचे दुखणे बरे होईल’’ असे आश्वासन देऊ नका. आपल्याकडे प्रार्थनेला येणारा माणूस बऱ्याचदा आजारपणाने किंवा कर्जाने पिचलेला असतो. त्याच्या गरजेवर मुद्दा टेकवला तर तो पुरावा राहत नाही, आमिष होतो.

टप्पा ६ : पूर्तता ओवीनिहाय तोला

आता वही उघडा. माझ्या मते हा भाग सर्वांत जास्त वेळ घेण्यासारखा आहे. चार ओव्या भरून दाखवतो.

५३:७, तोंड न उघडणे. पूर्तता मार्क १५:५, रोमी सुभेदार पिलातापुढे मौन. घडवता आले असते का? हो, आरोपी ठरवून गप्प राहू शकतो. वजन : हलके.

५३:९, मरणात धनवानाशी संबंध. अरिमथाईकर योसेफाने शरीर मागून आपल्या कबरेत ठेवले. योसेफ चारही शुभवर्तमानांत आहे, ‘धनवान’ हा शब्द फक्त मत्तय २७:५७ मध्ये. मेलेला माणूस आपले दफन ठरवत नाही, पण साक्षीदार शुभवर्तमानकारच. वजन : मध्यम.

५३:१२, अपराध्यांत गणला जाणे. पंतय पिलाताच्या काळात ख्रिस्ताला देहांत शासन झाले हे रोमी इतिहासकार टॅसिटस लिहितो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल मुळीच आपुलकी नाही. स्वतःवर वधस्तंभ कोणी सहज ओढवून घेत नाही. आपल्या मशीहाला असे मरण आले ही गोष्ट कोणी हौसेने रचतही नाही, कारण ती यहूदी लोकांना अडखळण होती, हे १ करिंथ १:२३ मध्ये पौल स्वतः कबूल करतो. वजन : भारी.

५२:१५, आणि त्याला जोडून ४९:६ : पुष्कळ राष्ट्रे, राजे, पृथ्वीच्या टोकापर्यंत तारण. साक्षीदार कोण? तुमच्यासमोर बसलेली मंडळी. इस्राएलाचा परमेश्वर त्या काळी एका लहान, हरलेल्या, बंदिवासात गेलेल्या लोकांचा देव होता. आज तापीच्या काठावर आणि सातपुड्याच्या पाड्यांवर मावची, पावरी, अहिराणी बोलणारी माणसे त्याच्या नावाने गीते गातात, अब्राहामाचे आणि दाविदाचे नाव मुलांना ठेवतात. नासरेथच्या सुताराला हे घडवून आणता आले नसते आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनाही नाही, कारण त्यांच्या हयातीत ते झालेलेच नव्हते. वजन : चारही ओव्यांत सर्वांत भारी. पण हीच नेमकी यादीत नसते.

इथे हरकत येईल : ‘‘धर्म तर इतरही पसरले.’’ बरोबर. म्हणून नुसता प्रसार हा पुरावा नाही. मुद्दा असा की, स्वतःच्या लोकांनी तुच्छ मानलेला आणि मारला गेलेला सेवक हेच राष्ट्रांपर्यंत पोचण्याचे साधन होईल, हे आधी लिहिले होते आणि तसेच घडले. जोडी सोडू नका.

> तपासा : चारही ओव्यांसमोर तुम्ही ‘भारी’ लिहिले असेल तर वही बंद करा आणि उद्या पुन्हा भरा.

टप्पा ७ : या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवा

‘‘शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी जुने वाचून गोष्ट जुळवली.’’ काही तपशिलांबाबत तसे म्हणता येईल, हे मान्य करा. म्हणून तर आपण वजने केली. पण ‘ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांसाठी मरण पावला’ हे वाक्य १ करिंथ १५:३ मध्ये आहे. ते पत्र इ.स. ५५च्या आसपासचे, आणि त्यातही पौल म्हणतो की हे मला मिळाले, तेच मी दिले. म्हणजे हा विश्वास शुभवर्तमानांच्या आधीचा आहे.

‘‘मत्तय संदर्भ सोडून वचने घेतो.’’ बहुधा होशेय ११:१ पुढे येईल : ‘मिसरातून माझ्या पुत्राला बोलावले.’ होशेयात तो पुत्र इस्राएल आहे आणि ते भूतकाळाबद्दल आहे. मत्तयालाही ते माहीत होते. इस्राएलाची वाट येशू पुन्हा चालला, असे तो दाखवतो. म्हणून मत्तय २:१५ ‘आधी सांगितले, मग घडले’ या जातीचा पुरावा म्हणून मांडू नका. यशया ७:१४ चेही तसेच. त्या अध्यायातले चिन्ह आधी आहाज राजाच्या काळातल्या संकटाशी जोडलेले आहे.

‘‘मत्तय २७:९ मध्ये यिर्मयाचे नाव, पण तीस रुपये जखऱ्या ११ मध्ये.’’ खरे आहे. शब्द मुख्यतः जखऱ्याचे आहेत. कुंभार आणि शेत यिर्मया १८, १९ आणि ३२ ची आठवण देतात. दोन संदेष्टे एकत्र घेऊन एकाचे नाव दिले, असा खुलासा केला जातो. एवढेच सांगा आणि पुढे चला. यावर तासभर खर्च करू नका.

उत्तर येत नसेल तर ‘‘हे मी बघून सांगतो’’ म्हणा आणि खरोखर बघा.

टप्पा ८ : बसून मांडणे

वेळ पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री नऊनंतर माणूस थकलेला असतो. अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका. घरी बसा, अंगणात बसा, पण माईक लावून नको. दोघे-तिघे पुरेत. बोला अहिराणीत किंवा जी घरची भाषा असेल तिच्यात. उतारा मात्र मराठी शास्त्रातून त्याच्याच हातात देऊन त्यालाच वाचायला लावा. वयस्कर माणूस असेल, नाना, आप्पा, जिभाऊ, तर आधी त्यांचे ऐका. भाकीत म्हटले की त्यांना आखाजीची भेंडवळची घटमांडणी आठवेल, पाडव्याचे पंचांगवाचन आठवेल. त्याची टिंगल करू नका, तुलनाही करू नका. एवढेच सांगा : ‘‘नाना, पुढच्या वर्षीचं नाही सांगत. जे झालंय ते आधी लिहिलेलं होतं का, एवढंच बघू.’’

क्रम असा ठेवा. आधी गुंडाळीची गोष्ट. मग उतारा, एकदा पूर्ण, मध्ये न थांबता. मग ‘हा कोण?’ मग इस्राएलचा पर्याय, आपणहून. मग चार ओव्या वजनांसकट, हलकी आधी आणि भारी शेवटी. मग गप्प बसा.

गप्प बसणे अवघड जाते, कारण आपल्याला निर्णय ऐकायचा असतो. ‘‘मग आता काय विचार?’’ असे विचारू नका, लगेच प्रार्थनेला हात जोडायला सांगू नका. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हटले आहे, आणि त्याच ओवीत सौम्यतेने आणि आदराने असेही म्हटले आहे. बिरुया येथील लोकांनी पौलाचे ऐकून घेतले आणि मग रोज शास्त्र तपासले (प्रेषितांची कृत्ये १७:११). समोरच्यालाही ती मोकळीक हवी.

निघताना एक कागद द्या. त्यावर यशया ५२:१३–५३:१२, मार्क १४ आणि १५, यशया ४९:१-६ एवढेच लिहिलेले असू द्या, आणि त्याने विचारलेला, तुम्हाला न आलेला प्रश्न त्याच्यासमोरच आपल्या वहीत टिपून घ्या. पुढच्या भेटीची सुरुवात त्या प्रश्नापासून करा, नव्या भाकितापासून नको.